डिझेलचं औषध

आमचा तोमोया नागोयाहून बोटीने गाडी घेऊन होक्काइडोला घरी आला, तोही टाकी काठोकाठ भरून. “तिकडचं डिझेल इकडच्या थंडीत रात्रीतून गोठतं रे. इंजिन गरम आहे तोवर औषध घाल,” हे म्हणाले. “बाबा, हा काय तुमचा ट्रॅक्टर आहे?” पोरगं हसलं. उद्या सकाळी परतीची बोट, सोमवारी नवी नोकरी. मी औषधाची बाटली तांदळाच्या पिंपामागे लपवली. गोठू दे मेलं डिझेल, दोन दिवस जास्त राहील. संध्याकाळी ह्यांनी किल्ली मागितली. “अंगणातला बर्फ काढायचाय, गाडी हलवतो.” गावाला चक्कर मारूनच परतले. सकाळी गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. “बघा बाबा! लागलं का तुमचं औषध?” “कुठलं रे! बाटलीच सापडली नाही,” हे म्हणाले. गाडी वळणाआड गेल्यावर मी पिंपामागे हात घातला. बाटली तिथेच होती, रिकामी.