चौथी पेटी

माझी बायको वच्छला वारल्याचा फोन आला तेव्हा मी वैनगंगेच्या काठी, जत्रेच्या मैदानात, आमचा लाकडी पाळणा उभा करत होतो. तो तसाच टाकून गेलो.

वर्षाने आलो तर मैदान ओळखू येईना. जिकडेतिकडे विजेचे झुले, लाल-निळे दिवे, फोटो काढायला प्लास्टिकचे पंख. हाताने फिरवायचा पाळणा माझा एकट्याचाच उरला होता.

पाळण्याला चार पेट्या. वजन सारखं नसलं की तो हिसके देतो. गिऱ्हाईक तीनच असलं की चौथ्या पेटीत वच्छला बसायची. उतरताना माझा हात धरायची.

यंदा पहिल्या फेरीला तीनच पोरी आल्या. जत्रा कमिटीतला आदेश नावाचा पोरगा हसला.

"मुखरूभाऊ, चौथी रिकामी हाय. एक जरी हिसका बसला तं पाळणा आजच उचला. जागा मशीनवाल्याले देऊन टाकतो."

मी पाळणा ढकलला. एकही हिसका बसला नाही. चौथी पेटी समोरून गेली, तेव्हा तिची फळी वाकलेली दिसली. वच्छला बसली की अशीच वाकायची.

विजेच्या झुल्यांची रांग मोडून माणसं इकडे धावली.

"हिसके काऊन देत नाई जी हा?"

"भाऊ, आता आमचा नंबर!"

शेवटी आदेशच रांग लावायला उभा राहिला. दिवसभर पाळणा फिरला. चौथ्या पेटीत मी कोणालाच बसू दिलं नाही.

दिवस मावळायच्या आत सगळे उतरले. मी पाळणा सोडला. चौथी पेटी आपोआप खाली येऊन माझ्यासमोर थांबली. फळी वाकलेलीच होती.

मी अजून हात पुढे केलेला नाही.