अर्ध्या डोक्याच्या वेण्या

"ए गावंढळ, हळू ओढ! डोकं आहे माझं, दोरखंड नव्हे!" भरल्या पार्लरात मालकिणीनं माझ्या हातावर फटका मारला. दुपारी तिला लग्नाला जायचं होतं. अर्ध्या डोक्यावर मी घातलेल्या बारीक वेण्या, उरलेले केस पिंजारलेले. मी माझा कंगवा उचलला. "चालले समोर, इया सिकिराकडे कामाला." "त्या रस्त्याकडेच्या छत्रीखाली वेण्या घालायला? निम्मासुद्धा पगार द्यायची नाही ती!" "शिव्यासुद्धा द्यायची नाही," म्हणत मी रस्ता ओलांडला. गिऱ्हाइकाच्या वेण्या घालता घालताच इयानं माझ्याकडे स्टूल सरकवलं, "आधी जेव" म्हणाली. तासाभरात डोक्याला फडकं गुंडाळून मालकीण समोर हजर. एकीच्या वेण्यांना दुसरीचा हात जुळत नाही, हे अख्ख्या लागोसला ठाऊक. "मोरेनिके," ती हळूच म्हणाली, "तेवढं पुरं करतेस?" म्हणजे नाव माहीत होतं तिला! "बसा की," मी कंगवा झटकला, "तुमच्या आधी दोघी आहेत."