हवेतली दोरी

अम्माला जाऊन वर्ष झालं, तरी सोलापूरच्या कारखान्यात तिचे हात विड्या वळत होते. तरुणपणी टिपून घेतलेल्या तिच्या हालचालींवर यंत्र चालायचं आणि कायद्याने त्याची मजुरी मुलीला, लावण्याला, मिळायची.

"ताई, हे हात मधेच हवेत काहीतरी ओढत बसतात," मुकादम म्हणाला. "तेवढं पुसू का? विड्या वाढतील, तुमची मजुरीही. पण वारसाचा होकार लागतो."

लावण्या वाकून बघू लागली. पानात तंबाखू, मग वळण, मग दोऱ्याची गाठ. एवढ्यात एका हाताने न दिसणारी दोरी हळूच ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

विड्या वळता वळता अम्मा पाळणा हलवायची. पाळण्यात लावण्या असायची.

"राहू दे," ती म्हणाली.

"मजुरी कमी पडेल, ताई."

"अम्मालाही पडायची."