चुकलेल्या म्हणी

बायकोच्या मेंदूतली गाठ काढली, पण गाठ होती नेमकी वाचेच्या केंद्राला खेटून. "बोलणं परत येतंय का, वाट बघू," डॉक्टर म्हणाले. ती शाळेत भाषा शिकवायची, तो नळ दुरुस्त करायचा. त्याने एकही म्हण कधी धड सांगितली नाही आणि तिने त्याची एकही चूक कधी सोडली नाही.

चार दिवस ती गप्प होती. तो खाटेशी बसून चमच्याने सूप भरवायचा आणि बडबडायचा.

"पळसाला पानं पाचच." ती नुसती बघत राहिली.

"कोल्हा कलिंगडाला राजी." तिची भुवई हलली.

"नाचता येईना, अंगण ओलं."

तिचे ओठ थरथरले. "वा... वाकडं," ती म्हणाली. मग दम खाऊन, "कधी... शिकणार तुम्ही?"

तो हसत, डोळे पुसत बाहेर आला. दारातल्या सिस्टर म्हणाल्या, "काका, आता तरी म्हणी पाठ करा."

"लग्नाआधीपासून पाठ आहेत," तो हळूच म्हणाला. "पण आत सांगू नका. सगळा संसार या चुकांवरच झालाय."