इडेला फ्रॉशच्या घटस्फोटाचा कागद

"नावं दोन्ही लागतील," ओपलीन म्हणाली. "तुमचं माहेरचं, आणि ज्याच्यापासून फारकत घेतलीत त्याचं पूर्ण. साल आठवतंय?"

"ऐंशी. मार्च महिना." काउंटरपलीकडच्या म्हातारीनं पर्स पोटाशी घट्ट धरली होती. "मी इडेला रूथ कॉब. आणि तो लेस्टर डेल फ्रॉश."

हॅल्सी काउंटीच्या कोर्टात जुन्या नोंदींच्या खिडकीशी ओपलीन क्रेट्झर एकतीस वर्षं बसत होती. मोडलेले संसार तिनं इतके कपाटातून काढून दिले होते, की दारातून येणाऱ्या माणसाच्या चालीवरूनच ती ओळखे, कोण सूड घ्यायला आलंय आणि कोण पुन्हा बोहल्यावर चढायला. ही दुसऱ्या जातीतली.

तसा पुरावाही बाहेरच उभा होता. पिकअप ट्रकला टेकून एक उंच म्हातारा, कडक इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून पाडलेला भांग. मघाशी त्यानं म्हातारीसाठी ट्रकचं दार उघडून धरलं होतं, शिवाय खाली उतरायला हातही दिला होता. लग्न मुरलेला नवरा असं दार उघडत नाही. ओपलीनला स्वतःच्या घरचा अनुभव होता.

"आधी राजधानीला पत्र टाकलं होतं मी," इडेला म्हणाली. "ते म्हणतात, आमच्याकडे नोंद सापडत नाही, काउंटीत विचारा."

"त्यांच्याकडे नुसती नोंद जाते, ती पण कधी जाते, कधी नाही. निकालाची शिक्क्याची नक्कल जिथे दावा लावला तिथेच मिळायची. कधीपर्यंत हवी?"

"आज. शनिवारी चर्चमध्ये समारंभ आहे. केक सांगून झालाय, तीन राज्यांतून पोरं यायचीत, पास्टर आम्हा दोघांना वेदीपुढं उभं करणार. त्या कागदावर काय आहे ते बघितल्याशिवाय मला देवापुढं उभं राहायचं नाही, पोरी. खोटेपणानं तर नाहीच."

"आणि त्यांचं काय म्हणणं?" ओपलीननं ट्रककडे मान हलवली.

"तो म्हणतो, कागदाशी काय करायचंय. म्हटलं, तुला नसेल, मला आहे. महिनाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

ओपलीननं सूचीचं जाड रजिस्टर ओढलं. "लेस्टर फ्रॉश आहेत का हयात?"

"न असायला काय झालंय. गुडघे गेलेत, खाणं तेवढं शाबूत आहे. आणि घोरतो असा, की धान्याच्या कोठीचा पत्रा हलतो."

काउंटीच्या कोपऱ्यातलं कुठलं तरी चार रस्त्यांचं गाव असणार. जुन्या नवऱ्याची खबर नको म्हटलं तरी दारात येते. ओपलीन हसली. "आडनाव अजून त्यांचंच लावता?"

"बदलायचा कंटाळा केला."

"आता बदलेलच म्हणा."

इडेलानं तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

रजिस्टरात दाव्याचा नंबर लागला. तळघरातल्या खोक्यातून फाइल वर आली. ओपलीननं ती उभ्या उभ्या चाळली आणि तिचा हात मंदावला. अर्ज होता. वकिलाचं पत्र होतं. सुनावणीची तारीख होती जूनअखेरची, म्हणजे ऐन गव्हाच्या कापणीची. त्या दिवसांत हॅल्सीतला माणूस स्वतःच्या मयतालासुद्धा सवड काढत नाही. पुढे डिसेंबरात जज्जसाहेबांची एक ओळ : कोणीही आले नाही, दावा खारीज. त्याखाली फाइलीचा कोरा पुठ्ठा.

"बाई, जरा त्या बाकावर बसता का?"

"उभी बरी आहे. सांग."

"तुमचा घटस्फोट झालाच नाही."

"पण पेपरात आलं होतं," इडेला हळू म्हणाली. "कोर्टाच्या बातम्यांत. अख्ख्या गावानं वाचलं. माझ्या आईनं कात्रण कापून फ्रिजवर चिकटवलं होतं."

"पेपरवाले अर्ज आला की नावं छापतात. इथे सगळे तिथेच फसतात. नाव छापून आलं, की मोडलं असं धरून चालतात. खरं मोडायला जज्जापुढं यावं लागतं, आणि तुम्ही दोघं आलाच नाहीत."

"म्हणजे आजही मी…"

"आजही तुम्ही लेस्टर फ्रॉश यांच्याच बायको. कायद्यानं."

इडेलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे गदगदू लागले. एकतीस वर्षांत ओपलीननं खिडकीशी रडणं पुष्कळ पाहिलं होतं. तिनं कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवला. केक, पोरं, पास्टर, सगळं शनिवारवर येऊन थांबलेलं.

"नवा अर्ज करता येईल," ती म्हणाली. "पण साठ दिवस थांबावं लागतं. शनिवार काही साधायचा नाही."

इडेलानं मान हलवली आणि दाराकडे बोट केलं. "त्याला बोलव. तूच सांग. माझ्यानं बोलवत नाही."

म्हातारा कठड्याला धरून एकेक पायरी चढून आला. टोपी काढून उभा राहिला. असला निरोप नवरदेवाला द्यायची ओपलीनची पहिलीच वेळ.

"मला फार वाईट वाटतं, साहेब. यांचं पहिलं लग्न मोडलेलंच नाही. अजून उभं आहे."

म्हातारा मटकन बाकावर बसला. बराच वेळ त्यानं तळहातानं डोळे पुसले. मग इडेलाकडे बघून म्हणाला, "झोपशील ना आता?"

"तू घोरला नाहीस तर," ती म्हणाली.

"नक्कल दे, बाई," तो ओपलीनला म्हणाला. "दोन दे. एक पास्टरला दाखवू, दुसरी हिच्या बहिणीला."

ओपलीनला काही उलगडेना. तिनं दोन नकलांवर शिक्के मारले, वही पुढं सरकवली आणि नक्कल घेणाऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हाताऱ्यानं पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली : लेस्टर डेल फ्रॉश. "मोडलेल्या लग्नाचा वाढदिवस कसला करता, म्हणत होती माझी बहीण," इडेला म्हणाली.