तीन शिट्ट्या

चाकणला जाणारी कंपनीची बस यायची वेळ झाली, वर्षालीचा स्वतःचा डबा भरायचा राहिला, आणि कुकरमधून करपट वास सुटला. आठवड्यात हे दुसऱ्यांदा! ईश्वरीचा ब्लड कॅन्सर गेला, केस परत आले, शाळाही सुरू झाली. पण पोरीच्या डोक्यात काही म्हणून टिकेना.

"ईश्वरी, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, एवढंच सांगितलं होतं ना? बारा वर्षांची घोडी झालीस!"

"मोजत होते गं मम्मी. मधेच कितवी ते विसरले."

"विसरले, विसरले! जीव नकोसा केलाय नुसता!"

ईश्वरीने मान खाली घातली.

"मम्मी, डॉक्टर म्हणाले होते, या औषधांनी मी विसराळू होईन. तेव्हा तू म्हणालीस, 'चालेल, फक्त जगू दे.' आता नाही चालत का?"