उरलेली दोन वळणं

ईश्वरदासजी नंदनवार रामटेकच्या गडावर पोहोचले नाहीत.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू. पावणेनऊ वाजलेत, कन्हानचा पूल आलाय, पाय फिरताहेत आणि ईश्वरदासजी पोहोचणार आहेत.

बरोबर एक वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाचं पाच तास ऑपरेशन चाललं होतं. आत नेताना ते बायकोला म्हणाले होते, "वाचलो तर रामटेकले सायकलनं जाईन. मधात पाय टेकवणार नाही." तेवढ्यात स्ट्रेचर दारातून आत गेलं, नाहीतर त्यांनी परत येणंही सायकलनेच कबूल केलं असतं. ते वाचले. आता प्रश्न फक्त शब्दाचा होता.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटींवर. अटी त्यांच्या मुलीने, दामिनीने, लिहून घेतल्या. नाडी एकशे वीस झाली की बंद, ही त्यातली सर्वांत सौम्य. बाकीच्या सांगण्यात अर्थ नाही.

"ब्याण्णव," दामिनी म्हणाली. ती बाजूलाच होती.

"आभारी हाय," ईश्वरदासजी म्हणाले.

ऑपरेशनपासून त्यांना ही सवयच लागली होती. पुलावर एक ट्रक कानाजवळून गेला, त्याचे त्यांनी आभार मानले. पलीकडे एका बकरीने रस्ता सोडला, तिचेही मानले.

"बकरीले काहून थँक्यू म्हणून राहिले?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"तिनं बाजू दिली ना वं."

"मी पस्तीस वर्षांपासून देऊन राहिली."

ईश्वरदासजींनी बायकोचेही आभार मानले.

"भाऊ, डावीकडून घ्या, खड्डा हाय," अंकुशचा आवाज आला.

अंकुश खापरखेड्याच्या वीज केंद्रात बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. ईश्वरदासजींनी स्वतः तिथे एकतीस वर्षं वीज तयार केली. आज रस्ता दाखवायचं काम अंकुशकडे होतं.

"लय उपकार झाले गा, अंकुश."

अंकुश सांगणाऱ्यांपैकी होता, ऐकणाऱ्यांपैकी नव्हे.

दहाच्या सुमारास मनसर आलं. टेकाडावर उत्खननात निघालेलं विटांचं जुनं बांधकाम दिसू लागलं.

"हे पाहून घ्या, भाऊ," अंकुश म्हणाला. "दीड हजार वर्षं झाले म्हणते या विटांले. माझ्या घरचं प्लास्टर दोन वर्षं नाही टिकलं."

तिथे अनुसयाबाई लिंबूपाणी घेऊन उभ्याच होत्या. सायकल न थांबवता ईश्वरदासजी पेला तोंडाला लावून प्यायले. निम्मं सांडलं.

"सांडवू नका, मलेच पुसा लागते."

मग सागाचं जंगल लागलं. पानं गळून रस्त्याच्या कडेला लोळत होती. वारा सकाळपासून समोरून होता, एकाच जोराचा. जंगलात वारा पडेल असं कोणालाही वाटलं असतं. पडला नाही. ईश्वरदासजींनी त्याचेही आभार मानले.

अंबाळा तलाव आला तेव्हा नत्थूजी आले. नत्थूजी हे त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारे. लुंगीवर होते आणि काखेत पेपर होता.

"किती राहिलं गा?"

"गड चढला का झालं."

"तुमच्या रामटेकपायी माझी रविवारची झोप गेली," नत्थूजी म्हणाले, पण परत गेले नाहीत. पेपर अंथरून टेकले.

चढ सुरू झाला. दामिनीने वाकून एक चकती आवळली. चढ मांड्यांना लागला.

"एकशे बारा."

"चला भाऊ, थकले काय? नसान थकले," अंकुश म्हणाला. "वळणं मोजा. पाच हायेत."

चार उरली. तीन उरली. घाम हँडलवर टपकत होता. झाडांच्या वर गडाची दगडी भिंत दिसली. काळी, जुनी, आणि वर्षभर ईश्वरदासजी डोळे मिटून जिच्याकडे बघत होते अगदी तशीच.

"एकशे अठरा," दामिनी म्हणाली. तिचा अंगठा बंद करायच्या बटणावर तयार होता. "बाबा, कबूल केलं होतं तुम्ही."

"दोनच वळणं, दामिनी."

अनुसयाबाई वर्षभर या नवसावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या.

"जाऊ दे त्याईले."

दामिनीने आईकडे पाहिलं. अंगठा तसाच राहिला.

"एकशे एकोणीस."

"आता काहीच नाही, भाऊ," अंकुश म्हणाला, "आता फक्त—"

आणि गड गेला. भिंत गेली, साग गेले, रस्ता गेला, बोलता बोलता अंकुशही गेला. वारा तेवढा राहिला.

प्रति, माननीय कनिष्ठ अभियंता, वीज कार्यालय. अर्जदार: ईश्वरदास नंदनवार, तिसरा मजला, मनीषनगर. महोदय, आज सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी आमच्या हॉलमधली लाईट गेली. त्या वेळी टीव्हीवर रामटेक चालू होतं. डॉक्टर मला रस्त्यावर जाऊ देत नाहीत, म्हणून अंकुशने हेल्मेटला कॅमेरा लावून अख्खा रस्ता घरी आणून दिला. सायकल स्टँडवर कसलेली आहे. पंखा इन्व्हर्टरवर असल्याने वारा चालू आहे, गड बंद आहे. गेल्या वर्षी याच तारखेला माझ्या ऑपरेशनचे पाचही तास लाईट गेली नव्हती, त्याबद्दल मी आपला जन्माचा आभारी आहे. हा अर्ज मुलगी लिहून घेत आहे, कारण अर्जदाराने अद्याप पाय टेकवलेला नाही. तरी अर्जदाराने एकतीस वर्षे तयार केलेल्या विजेपैकी दहा मिनिटांची वीज, आणि रामटेकच्या गडाची उरलेली दोन वळणं, दहा बावन्नपासून पुढे, अर्जदाराचे पाय चालू आहेत तोवर सोडण्यात यावीत, ही नम्र विनंती.